शेवटपर्यंत वाचणाऱ्या बाई

माझ्या लग्नपत्रिकेत बाईंनी सात चुका काढल्या होत्या. पत्रिका द्यायला मी मुद्दाम धुळ्याला गेलो होतो. बाईंनी ती माझ्यासमोर उभ्या उभ्या वाचली. कुलदैवतापासून सुरुवात करून, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' करत, अगदी तळाशी असलेल्या छापखान्याच्या फोन नंबरापर्यंत. मग खणातून तांबडी पेन्सिल काढली, 'आशिर्वाद'मधला शि दीर्घ केला, 'उपस्थीती'तला थी ऱ्हस्व केला, आणखी पाच ठिकाणी खुणा केल्या आणि पत्रिका मला परत दिली.

"किती जणांना गेली ही?"

"चारशे, बाई."

"चारशे जणांत एकाने पण सांगितलं नाही?"

"बाई, पत्रिका कोणी वाचत नाही. तारीख आणि हॉल बघतात."

बाईंचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांच्या घरात चपला घालून फिरलो. म्हणाल्या, "कोणीतरी लिहिलंय ना? मग वाचायला पाहिजे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. आमच्या टायपिंगच्या क्लासात ते दिवसातून एकदा तरी यायचंच. एखाद्याने सरावाचा उतारा अर्धाच वाचून टायपायला घेतला की बाई त्याच्या मशीनवर हात ठेवायच्या. आधी सगळा वाच. कोणी लिहिलाय, कशाला लिहिलाय, शेवटी काय म्हणतोय, ते कळू दे. मग बोटं लाव. फारच चिडल्या तर अहिराणीवर यायच्या. "हाई काय शे?" म्हणायच्या आणि कागद मशीनमधून ओढून काढायच्या. रोलर कर्रकन फिरायचा आणि सगळा क्लास चिडीचूप व्हायचा.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. बाईंचा क्लासही नंबरांवरच चालायचा. एका लांबट खोलीत बारा मशीन होती, आठ इंग्रजी आणि चार मराठी, आणि प्रत्येकाच्या कपाळावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. नाव लिहून घेतलं की बाई तुम्हाला मशीन द्यायच्या, आणि त्या दिवसापासून तुमचं नाव संपलं. मी सात नंबर. सकाळच्या बॅचचा, म्हणून 'सात नंबर सकाळ'. संध्याकाळचा सात नंबर कोणी वेगळा होता, त्याला मी कधी पाहिलं नाही. तो रिबनची फिरकी सैल ठेवून जायचा एवढीच त्याची ओळख. चार नंबर संध्याकाळ ही दोंडाईचाची मुलगी होती, रोज एसटीने यायची. अकरा नंबर पुढे कोर्टात लागला. वीस वर्षांनी भेटलो तरी बाई नंबरानेच हाक मारायच्या, आणि हाक कानावर पडली की पाठ आपोआप सरळ व्हायची.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना अक्का म्हणत. खाली औषधाचं दुकान होतं. तिथून गोळ्या घेतल्या की बाई खोक्यातला तो घडीचा कागद काउंटरवरच उलगडायच्या आणि चष्मा नाकावर ओढून मुंगीएवढी अक्षरं वाचत उभ्या राहायच्या. मागे गिऱ्हाइकांची रांग. दुकानदार म्हणायचा, "अक्का, बठ्ठं वाचीसन व्हयनं का?" बाई मान न उचलता म्हणायच्या, "मागची बाजू राहिली आहे." एकदा मागच्या बाजूलाच त्यांना सापडलं, की वडिलांच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. तो कागद घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि डॉक्टरांनी निमूट चिठ्ठी बदलून दिली.

हे वडील, बाईंचे आबा, चाळीसगावला रेल्वेत कारकून होते. क्लासच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्याखाली आबांचा छोटा फोटो. एक नंबरचं मशीन आबांनी जुन्या सामानातून घेतलेलं. एकदा रिबन बदलता बदलता बाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात अक्षर वाचणारे आबा पहिले. त्यांच्या आजोबांना कागद आला की तो घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं. तो वाचेल तेवढं आपलं. आणि आता आपल्याला वाचता येतं, तर अर्धं वाचून टाकायचं?" त्या वेळी मी सतरा वर्षांचा होतो. मी हो म्हणालो, आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

पुढे मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या. कॉम्प्युटर आले, बाईंनी तीन कॉम्प्युटर घेतले, ते शिकून घेतले, पण मुलं मोठ्या क्लासांकडे गेली. बॅचा एकेक करून मिटल्या. मी तोवर जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत विक्री विभागात बऱ्यापैकी वर चढलो होतो. बाईंची भाची, भावाची मुलगी, तिथेच धुळ्यात एका शाळेत नोकरीला होती आणि बाईंजवळ राहायची. बाईंना करमेना म्हणून तिने त्यांना फोनवर नोकरीधंद्याच्या लोकांची ती साइट उघडून दिली. जिथे माणसं आपल्या बढत्या, सर्टिफिकिटं आणि सोमवार सकाळचे सुविचार टाकतात, ती.

बाईंना तिथे सगळा क्लास सापडला. बँकेतले, कोर्टातले, पुण्याचे, दुबईचे. आणि सगळे लिहीत होते! बाईंच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता. कोणीतरी लिहिलंय, मग वाचायला पाहिजे. रोज सकाळी चहा झाला की त्या फोन घेऊन बसायच्या आणि ओळीखाली बोट फिरवत एकेकाची पोस्ट शेवटपर्यंत वाचायच्या. वाचून झाली की उत्तर लिहायच्या. तिथे लोक 'अभिनंदन!' किंवा नुसता अंगठा देतात. बाई पत्र लिहायच्या.

मी एक प्रशिक्षण पूर्ण केल्याचं टाकलं होतं. त्याच्याखाली बाईंचं आलं:

'चि. सात नंबर (सकाळ), तुझा मजकूर दोनदा वाचला. प्रशिक्षण झालं, बरं वाटलं. अत्यंत हा शब्द चार ओळींत तीनदा आला आहे, एकदा पुरे. नम्रपणे कळवतो असं म्हणून पुढे स्वतःची एवढी स्तुती करू नये. पायाच्या भेगा भरल्या का? रात्री कोकम तेल लावून मोजे घालत जा. आईला नमस्कार. बाई.'

माझे तिथे डीलर होते, वरचे साहेब होते, बाहेरच्या कंपन्यांतले लोक होते. सगळ्यांनी माझ्या भेगा वाचल्या. खाली अकरा नंबरने लिहिलं, 'बाई, माझ्या पण भेगांची चौकशी करा.' चार नंबर संध्याकाळ हसली. तिला दुसऱ्या कोणी उत्तर दिलं. बघता बघता तिथे धुळ्याची जुनी बॅच जमली. मी वरवर हसलो, आतून अवघडलो.

असं वर्षभर चाललं. प्रत्येक पोस्टखाली बाई. आणि माझ्या पोस्ट चालत होत्या, हजारो लोक बघत होते. मला वाटायचं, मला लिहायला जमायला लागलं. ऑफिसात लोक म्हणायचे, साहेब तुम्ही छान लिहिता. मीही ते मनावर घेतलं.

मग पुण्याच्या मुख्य ऑफिसातली एक मोठी जागा निघाली. माझं नाव पुढे होतं. त्या सुमारास मी एक पोस्ट टाकली, नेतृत्वावर. त्यात लिहिलं होतं, 'दडपणाखाली शांत राहणं हे माझं पहिल्यापासूनचं बळ आहे.' अर्ध्या तासात बाईंचं उत्तर आलं:

'चि. सात नंबर (सकाळ), हे खरं नाही. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत रिबन अडकली तेव्हा तू मशीन सोडून पळालास आणि मी तुला बसस्टँडवरून परत आणलं. डोळे पुसून तू परत बसलास आणि पास झालास. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण शांत होतास असं लिहू नकोस. नवीन मुलं वाचतील आणि त्यांना वाटेल की शांतच राहावं लागतं. बाई.'

दोन दिवसांनी पुण्याचे साहेब व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सात नंबर, आज शांत ना? की बसस्टँडवर बघायचं?" सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझे कान तापले.

त्या साइटवर एक सोय आहे. तीनदा बोट लावायचं, माणूस तुमच्या यादीतून जातो, आणि त्याला काही कळवलं जात नाही. मी कँटीनमध्ये चहा पीत होतो. डाव्या हातात कप होता. उजव्या हाताने बाईंना काढून टाकलं. भांडण नाही, फोन नाही, काही नाही. कप ठेवून मी कामाला गेलो.

पुण्याची जागा मला मिळाली नाही. ते वेगळ्या कारणांनी झालं, त्याचा बाईंशी संबंध नव्हता. पण आणखी एक गोष्ट झाली. माझ्या पोस्ट चालेनाशा झाल्या. जिथे हजारो लोक बघायचे तिथे चाळीस, पन्नास. मी जास्त मेहनत घेऊन लिहिलं, फोटो टाकले, तरी तेच. शेवटी आमच्या मार्केटिंगमधल्या मुलीला विचारलं. हुशार मुलगी, पहूरची. तिने माझं सगळं मागचं काढून बघितलं.

"सर, आपण लिहिलं की ते सगळ्यांना जात नाही," ती म्हणाली. "आधी थोड्या लोकांना दाखवून बघतात. ते थांबतात का, वाचतात का, काही लिहितात का. नुसता अंगठा दिला तर थोडासा उपयोग. कोणी सविस्तर लिहिलं आणि त्याला दुसऱ्यांनी उत्तरं दिली, तर मग पुढच्या लोकांना दाखवतात. पहिल्या तासा-दोन तासांत काही झालं नाही तर पोस्ट तिथेच बसते. नक्की कसं ते कोणी सांगत नाही, पण आम्हाला कामावरून अंदाज येतो."

"आणि मी जे बघतो ते?"

"ते पण तसंच. तुम्ही ज्यांच्यावर थांबता ते जास्त दिसतात. ज्यांना सारखं पुढे ढकलता ते हळूहळू दिसायचे बंद होतात." मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "सर, तुमच्या ज्या ज्या पोस्ट चालल्या ना, त्या सगळ्यांवर पहिलं नाव एकच आहे. या बाई. त्या एवढं लिहायच्या, मग त्यांना लोक उत्तरं द्यायचे. तुमचं सगळं त्यांच्यावर चालायचं. कुठे गेल्या त्या?"

मी म्हटलं, "बघतो."

त्याच दुपारी मी बाईंना पुन्हा जोडण्याची विनंती पाठवली. मधे काढून टाकलं होतं हे त्यांना कळणार नाही, असं मी धरून चाललो. का पाठवली ते स्पष्टच सांगतो. आठवण आली म्हणून नाही, पश्चात्ताप झाला म्हणून नाही. पोस्ट चालत नव्हत्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनंती मान्य झाली. मी त्यांच्या पानावर गेलो. वर्षभर त्या माझ्यासाठी लिहीत होत्या, पण त्यांच्या पानावर मी कधी गेलो नव्हतो. तिथे त्यांची स्वतःची एकच पोस्ट होती. दोन महिन्यांपूर्वीची.

'सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांस. क्लासची जागा मालकांना परत द्यायची आहे. बारा मशीन आहेत. विकायची नाहीत. ज्याने ज्या मशीनवर बोटं तयार केली त्याने ते घेऊन जावं असं वाटतं. एका मशीनवर पुष्कळ जण बसले, त्यांनी आपसात ठरवावं, भांडू नये. या महिन्याच्या अखेरपर्यंत मी रोज दहा ते पाच क्लासमध्ये आहे. बाई.'

खाली यादी होती. मशीन एक, त्यावर कोण कोण बसलं. मशीन दोन. सगळी नावं. त्यांना नावं येत होती तर! सात नंबरखाली अकरा नावं होती आणि माझं तिसरं होतं, वडिलांच्या नावासकट, बिनचूक.

त्या पोस्टला भाचीचा एक अंगठा होता. बाकी काही नाही.

मी रविवारी बसने धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मनात काय बोलायचं ते जुळवत होतो. क्लासच्या जिन्यावर बाई भेटल्या. जागा अजून द्यायची होती, चुना लावायला माणूस येणार होता म्हणून त्या थांबल्या होत्या. खोलीत टेबलं तेवढी होती. प्रत्येक टेबलावर मशीनच्या चार पायांचे चार काळे ठिपके.

"भंगारवाला घेऊन गेला," बाई म्हणाल्या. "चांगला माणूस. एकेक उचलताना विचारत होता, अक्का, हाई कोनं शे? मी सांगत होते. हे अमक्याचं, तो कोर्टात आहे. हे तमकीचं. त्याने सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्याने. बारा मशीनला तास लागला."

मी खुर्चीवर बसलो.

"मी लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, चौकशी केल्यासारखा होता. "तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. महिनाभर बसले मी इथे. रोज डबा घेऊन यायचे, जेवायला घरी गेले आणि कोणी येऊन परत गेलं तर, म्हणून. एक जण आला नाही. मला कळतं, आता घरात कुठे ठेवायचं ते धूड. पण 'नको बाई' एवढं तरी लिहायचं."

"बाई, कोणी वाचलंच नाही ते," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पहूरच्या मुलीने मला सांगितलं होतं तसंच. आधी थोड्यांना दाखवतात, ते थांबले तर पुढच्यांना. पहिले दोन तास. बाई एका शब्दानेही मध्ये न तोडता ऐकत होत्या. मी बोलत गेलो तसा मला सोपं वाटायला लागलं. सगळं यंत्राचं होतं. माझं त्यात काही नव्हतं.

"मग हे यंत्र ठरवतं कशावरून?" बाईंनी विचारलं.

"माणसं कुठे थांबतात त्यावरून."

"म्हणजे ठरवतो आपणच. आपण जिथे थांबत नाही, ते यंत्र दाखवत नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तुला माझं दिसलं नाही, म्हणजे तू माझ्यावर थांबत नव्हतास."

तो क्षण होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. बाई, मी तुम्हाला काढून टाकलं होतं, एवढंच बोलायचं होतं. त्या रागावल्या असत्या, मला बोलल्या असत्या, आणि मग चहा केला असता. मला हे तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणालो, "तसं नाही बाई. ते फार गुंतागुंतीचं असतं."

बाई म्हणाल्या, "असेल. यंत्रच ते." आणि उठून खिडकी लावायला गेल्या. घरी नेऊन त्यांनी मला ज्वारीच्या बिबड्या तळून दिल्या. निघताना म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मी उगाच मुलांवर रुसून बसले होते."

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना फोन केले. ज्यांचे नंबर होते त्या प्रत्येकाला. अकरा नंबरने मला सांगितलं, "बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मी मशीनबद्दल लिहिलं होतं, तुला दिसलं नसेल, त्यात तुझी काही चूक नाही, ते यंत्र दाखवतच नाही." बोलताना तो जरा चाचरला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला माझंच पुरे होतं.

आणि बाईंनी आणखी एक सुरू केलं. मी थांबले की दुसऱ्यांना दिसतं, हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं. आधी त्या चहा झाल्यावर निवांत वाचायच्या. आता सकाळी नऊच्या ठोक्याला टेबलाशी बसायच्या, क्लास असल्यासारख्या, आणि कोणाचं नवीन लिखाण आलं की पहिल्या तासात त्यावर सविस्तर लिहायच्या. दोंडाईचाच्या चार नंबरची नोकरी गेली होती. तिने काम हवं असल्याचं टाकलं तेव्हा बाईंनी खाली पानभर लिहिलं: हिच्या तीन वर्षांच्या सरावाच्या कागदांत शेवटच्या वर्षी एकही चूक नव्हती, आणि ही गाडी चुकली तर मागच्या गाडीने येऊन उरलेला सराव भरून काढायची. त्यावर लोकांनी लिहिलं, त्याला आणखी लोकांनी. नाशिकच्या एका ऑफिसातून तिला बोलावणं आलं. ती आजही तिथे आहे.

माझ्याही पोस्टखाली बाई येऊ लागल्या. मला हवं होतं तेच. पण आता त्या लिहायच्या, 'मजकूर वाचला. विषय उपयुक्त आहे. आपल्या क्षेत्रातील इतरांनीही आपले अनुभव लिहावेत.' सात नंबर नाही. भेगा नाहीत. आईला नमस्कार नाही. आणि चूक म्हणून एकही नाही. मला वाटलं, मी सुधारलो. मग एकदा मी मुद्दाम 'पूर्ण'चा पू ऱ्हस्व लिहिला. एका पोस्टमध्ये दोनदा. सकाळी साडेनऊला बाईंचं उत्तर आलं, 'मजकूर वाचला. समर्पक आहे.'

मी फोन हातात धरून बराच वेळ बसलो होतो. त्या दिवशी धुळ्याला जायला हवं होतं. महिनाअखेर होती, डीलरांची मीटिंग होती. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. पुढच्या रविवारी दुसरं काही निघालं. असे किती रविवार गेले ते मी मोजायचं टाळलं.

दिवाळीनंतर बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. मला भाचीचा फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं.

पंधरा दिवसांनी आम्ही तीस-बत्तीस जण धुळ्यात जमलो, बाईंच्या घरी. कोर्टातला, बँकेतले, नाशिकहून चार नंबर. कोणी सतरंजीवर, कोणी जिन्यात. एकेक जण बोलत होता. बोलणं फिरत फिरत मशीनवर आलं. पाच नंबर म्हणाला, "दिसलं असतं तर टेम्पो घेऊन आलो असतो. त्या साइटने घोटाळा केला." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, यंत्रापुढे काय चालणार आपलं.

मी उठलो. का उठलो मला माहीत नाही. म्हणालो, "मला दिसलं असतं. मी बाईंना यादीतून काढून टाकलं होतं. त्या माझ्याबद्दल काहीबाही लिहायच्या, मला लाज वाटायची. नंतर मी यंत्रावर ढकललं. त्यांच्यासमोर ढकललं."

पाच नंबर सतरंजीची किनार बोटाला गुंडाळत होता. मग अकरा नंबर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पण काढलं होतं. कोर्टातले लोक हसायचे." बँकेतल्या एकीने डोळ्यांना पदर लावला आणि नुसती मान हलवली. मागे जिन्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "मीसुद्धा." आणखी दोघांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

भाची दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"आत्याला माहीत होतं," ती म्हणाली. "ती रोज यादी मोजायची. कोण कमी झालं ते तिला लगेच कळायचं. त्या साइटची मदतीची सगळी पानं वाचली होती तिने." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही समजावून गेलात ना, त्या संध्याकाळी मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला सगळं माहीत असताना ऐकून कशाला घेतलंस, आणि आता सगळ्यांना फोन कशाला करतेस?"

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, करू दे. यंत्रावर ढकललं म्हणजे पोरांना घरी यायला तोंड राहतं."